किमो चालू असताना चालायचं कसं

आईच्या किमोच्या वेळी घरात सगळ्यांचं एकच, पडून रहा, आराम कर. पण नुसतं पडून राहिलं की थकवा उलट वाढतो, दंड-मांड्या गळतात, हे आम्हाला उशिरा कळलं.

आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः कॅन्सर हाडात गेला असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा हार्टचा त्रास असेल तर. मग घरातच पाच मिनिटं, हॉल ते गॅलरी. आई एक हात भिंतीला लावून चालायची आणि गॅलरीतल्या तुळशीपाशी थांबून श्वास घ्यायची, आठवड्याभराने तो हात आपोआप सुटला. वेग इतकाच ठेवा की चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सलाईननंतरचे दोन-तीन दिवस जड जातात, तेव्हा कमी करा, पण अगदी बंद नको.

हळूहळू आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं जमवायचं, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये थकवा, काळजी, उदासपणा कमी व्हायला साधारण एवढंच सांगितलंय. सोबत आठवड्यातून २ दिवस ताकदीचा व्यायाम, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठबस, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं.

पायाला मुंग्या येत असतील तर गुळगुळीत स्लीपर नकोच, मागून पट्टा असलेली चप्पल घाला.

ताप १००.४ च्या वर, छातीत दुखणं, चक्कर, अचानक धाप, यातलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि हॉस्पिटलला फोन लावा, सकाळपर्यंत वाट बघू नका.