सोयाबीनची पट्टी हातात येते तेव्हा: या चुका टाळा

पैशाच्या नियोजनावरील बहुतेक सल्ले दरमहा पगार मिळणाऱ्या माणसाला समोर ठेवून दिलेले असतात. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या उधारीवर चालणाऱ्या किराणा दुकानदाराच्या घरी मात्र पैसा सोयाबीन-कापसाबरोबर दिवाळीच्या आसपास येतो, पुढे तूर-हरभऱ्याबरोबर थोडा येतो, आणि खर्च बाराही महिने चालू राहतो. ही घरे बचत करत नाहीत म्हणून मागे पडतात, असे माझ्या पाहण्यात नाही. घरात जमवलेला माल, दागिना किंवा जमीन नेमकी भाव पडलेला असताना विकावी लागते आणि तिथे वर्षानुवर्षांची कमाई निघून जाते. पुढील बहुतेक चुका अखेर याच जागी पोहोचतात.

सुगीतच सगळा माल मोंढ्यावर नेणे

पेरणीच्या वेळी आडत्याकडून (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, म्हणून काढणी झाल्याबरोबर माल त्याच्याच आडतीवर जातो. त्याच आठवड्यांत लातूर, नांदेड, परभणीच्या मोंढ्यांवर, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आवक सर्वाधिक असते आणि ओलाव्याची कपातही तेव्हाच जास्त बसते. घरात पैशाची निकड आहे म्हणून विकावे लागत असेल, तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आपल्या बाजार समितीत चालू आहे का, याची चौकशी काढणीच्या आधीच करावी. वाळवून स्वच्छ केलेले सोयाबीन गोदामात ठेवल्यास त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के वार्षिक व्याजाने ६ महिन्यांसाठी मिळू शकते. ५०,००० रुपये उचलले तर ६ महिन्यांचे व्याज १,५०० रुपये होते. तेवढीच रक्कम सावकाराकडून ३ रुपये शेकडा दराने घेतल्यास १,५०० रुपये दर महिन्याला द्यावे लागतात. आपल्याकडे ‘तीनच रुपये शेकडा’ असे सहज म्हटले जाते, पण तो वार्षिक ३६ टक्के दर आहे आणि तो तसाच उच्चारण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी. मात्र पुढे भाव वाढेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही, त्यामुळे सगळा माल अडवून न ठेवता निम्मा विकून निम्मा तारण ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची, रक्कम एकाच बचत खात्यात पडून राहिली, तर ती लग्नसराईपर्यंत टिकत नाही. तिचे तीन-चार भाग करून वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी कराव्यात: एक फेब्रुवारीत सुटणारी, एक मे अखेरीस बियाणे-खतासाठी, एक जूनमध्ये मुलांच्या शाळा-कॉलेजच्या शुल्कासाठी. ज्या घरात जूनचे पैसे जूनमध्ये हाताशी असतात, त्या घराला उचल घ्यावी लागत नाही आणि त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरात माल कुठे व केव्हा विकायचा हे त्याला स्वतः ठरवता येते.

माफीची वाट पाहत पीककर्ज थकवणे

२०१७ आणि २०१९ मध्ये राज्यात कर्जमाफी झाली, म्हणून पुन्हा होईल या भरवशावर अनेक जण पीककर्ज मुद्दाम थकवतात. ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याने पडते. यापेक्षा स्वस्त पैसा बाजारात कुठेही नाही. थकबाकीदार झाल्यावर ही सवलत जाते, नवे कर्ज अडते आणि माणूस पुन्हा शेकड्याने पैसे देणाऱ्या सावकाराच्या दाराशी जातो. माफी मिळाली तरी मधल्या दोन-तीन वर्षांत सावकाराला दिलेले व्याज कोणी परत करत नाही.

जास्त व्याजाच्या मोहात ठेव ठेवणे

बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे, पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी) सोसायट्यांना ते नाही, मग त्यांच्या शाखेचा काचेचा दर्शनी भाग कितीही बँकेसारखा दिसो. अलीकडच्या काळात बीडसह मराठवाड्यात अशा संस्था बंद पडून हजारो ठेवीदारांची आयुष्याची पुंजी अडकली आहे. आमच्या नात्यातील एका निवृत्त शिक्षकांनी निवृत्तीची जवळपास सगळी रक्कम अशाच एका ठिकाणी ठेवली होती, कारण तिथला व्यवस्थापक गावचाच होता. रक्कम आधीच अडकली असेल तर मूळ पावती कोणाच्याही हाती न देता तिच्या प्रती काढाव्यात आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार नोंदवावी. १९९९ च्या राज्याच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली संस्थेची व संचालकांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. तडजोड म्हणून देऊ केलेली नवी, वाढीव मुदतीची पावती स्वीकारू नये.

जे मिरवता येते त्यालाच मालमत्ता समजणे

चार एकरांच्या धन्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि तो वर्षातील बहुतांश दिवस अंगणात उभा राहिला, तर सहामाही हप्ता तेवढा खरा. तोच ट्रॅक्टर गावात भाड्याने नांगरट-पेरणी करून हप्ता, डिझेल आणि चालकाची मजुरी काढत असेल तर तो मालमत्ता ठरतो. खरेदीआधी गेल्या हंगामात गावात किती एकर काम भाड्याने झाले आणि ते करणारे किती ट्रॅक्टर होते, हे वहीत मांडून पाहावे.

शहरालगतचा प्लॉट घेताना नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर किंवा नुसत्या इसार पावतीवर पूर्ण रक्कम देणे ही नेहमीची चूक आहे. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही, आणि अकृषिक परवानगी नसलेला तुकडा अडचणीच्या वेळी मिळेल त्या किमतीला सोडावा लागतो.

दागिना मोडताना घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही, एवढे लक्षात ठेवून तो हौसेच्या खर्चात धरावा. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा (अपघात विमा) आणि जीवन ज्योती (आयुर्विमा) या योजनांच्या वर्षाच्या हप्त्याचे २० व ४३६ रुपये खात्यातून कापले गेले का, हे पासबुकात तपासावे.

दीर्घ मुदतीसाठी दरमहा हप्त्याची एसआयपी (म्युच्युअल फंडातील नियमित गुंतवणूक) सुरू करून खात्यात पैसे नसल्यामुळे दंड भरणारे शेतकरी मी पाहिले आहेत. हंगामी उत्पन्नाला पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) अधिक मानवतो, कारण त्यात वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये सोयीप्रमाणे एकरकमी भरता येतात. त्याचे व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते, म्हणून ऑक्टोबरच्या पट्टीतले पैसे ५ नोव्हेंबरच्या आत खात्यात जमा झालेले असावेत.