पावसानंतर ट्राउटच्या नदीवर जाताय? या चुका टाळा

नाशिकहून ट्राउट मासा गळाला लावायला हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाणाऱ्यांचं गणित नदीवर नाही, परतीच्या तिकिटावर चालतं. हातात चार दिवस, त्यातला एक पावसात गेला, की दुसऱ्या सकाळी पाणी कसंही असो, रॉड जोडायचाच! बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडते ती ही: पाऊस थांबला म्हणजे नदी उतरली असं धरून चालणं. तीर्थन खोऱ्यातल्या बंजार गावात लख्ख ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळत असतं. ते पाणी मागाहून येतं. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं, ते वेगळंच. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून गोदावरीचा पूर मापणारी आपली माणसं तिथे साधी खूणसुद्धा करत नाहीत. काठावरचा न हलणारा दगड हेरा, पाणी टेकतंय तिथे खूण करा, अर्ध्या तासाने बघा. खूण बुडाली की बाहेर या. काड्या आणि पाला वाहून येऊ लागला किंवा रंग एकदम बदलला, तर खुणेचीही वाट बघू नका.

धरणाखालच्या पाण्यात तर एवढीही सवड मिळत नाही. जून २०१४ मध्ये थलौटजवळ बियास नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थनवर निर्धास्त वावरायची सवय लागलेले लोक पुढे धरणं असलेल्या सैंज आणि बियासवर जातात, तेव्हा तीच बेफिकिरी सोबत नेतात. वर धरण असेल तर सायरनच्या भरवशावर मधल्या खडकावर उभं राहू नये. तिथून फोटो चांगला येतो, हे कारण होऊ शकत नाही.

आता रंग. पाणी दुधाच्या चहासारखं असेल तर रॉड पिशवीतच राहू द्या. काठाच्या संथ, गुडघाभर पाण्यात स्वतःच्या बुटाचं टोक पुसटसं दिसू लागलं आणि पातळी उतरती असली, की खरी वेळ आली.

आणि नेमकं तेव्हाच नवखा गडी थेट मधल्या धारेत शिरतो. चढलेल्या पाण्यात ट्राउट धारेशी झुंजत बसत नाही. ती काठाला येते, खडकामागच्या संथ पाण्यात थांबते, म्हणजे तुम्ही जिथून उतरलात तिथेच. गोल्फ क्लब मैदानावर वीस-वीस मीटर दोर फेकून केलेला सराव इथे फारसा उपयोगाचा नाही, मासा चार-पाच मीटरवर असतो. त्याऐवजी गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून पाच मीटरवरच्या बादलीत टाकायला शिका. यात शान नाही, म्हणून कोणी करत नाही.

हलकी, तरंगणारी माशी (म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा) त्या दिवशी डबीतच ठेवा. दहा-बारा नंबरची गडद निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी माशी, तिला साडेतीन-चार मिलिमीटरचा जड टंगस्टन मणी, नाहीतर आठ नंबरची काळी वूली बगर ही मोठी, झुपकेदार माशी लावा. इंडिकेटर, म्हणजे दोरावरचा तरंगता खुणेचा गोळा, माशीपासून खोलीच्या दीडपट अंतरावर. पाच-सहा वेळा सोडूनही निम्फ तळाला घासली नाही, तर माशी बदलत बसू नका. तिच्या पंधरा-वीस सेंटिमीटर वर दोरावर शिशाचा छोटा मणी चिमटून बसवा. जागा त्यानंतर बदला. टिपेट, म्हणजे माशी बांधायचं दोराचं बारीक टोक, ४एक्स, गढूळपणा जास्त असेल तर ३एक्स (आकडा लहान तितका दोर जाड). ६एक्सचा नाजूकपणा नितळ पाण्यासाठी असतो.

वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) पट्टा सैल ठेवू नका, पडलात तर आत पाणी भरतं.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडताना वेळ वाचतो, आणि कानात अडकला तर डॉक्टरचाही.

ओल्या माश्या डबीत बंद करून नाशिकला आणल्या तर गळ गंजतात. खोलीवरच रात्रभर डबी उघडी ठेवा.

परवाना आधी काढा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, त्यामुळे दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर बघा.