घरासाठी ब्रॉडबँड घेताना: प्लॅनच्या आधी शेजाऱ्यांना विचारा

१०० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) घ्यावं की ३००, इथून बहुतेक जण सुरुवात करतात. हा प्रश्न मागे ठेवा. आधी तुमच्या इमारतीत किंवा वाडीत कोणाची लाइन नीट चालते ते काढा. शेजाऱ्यांना दोनच गोष्टी विचारा: रात्री नऊ-दहाला व्हिडिओ अडकतो का, आणि लाइन तुटली तर माणूस किती दिवसांनी येतो? एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत उत्तम आणि पुढच्या गल्लीत रडकी असू शकते, कारण खांबावरून दारापर्यंतची तार बऱ्याचदा स्थानिक केबलवालाच सांभाळतो. पावसात फांदी पडून तार तुटली की धावून येणारा तोच.

मग विचारा, फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची बारीक तार, थेट घरात येणार का? काही इमारतींत तो गच्चीपर्यंतच येतो आणि खाली साधी लॅनची तार सोडतात. तेही चालतं, पण लाइट गेली की गच्चीवरचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारी पेटी, बंद. त्याला बॅकअप आहे का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. फायबर पोचतच नसेल तर जिओ किंवा एअरटेलचं ५जीवर चालणारं एअरफायबर आहे. त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन खिडकीत धरून रात्री स्पीड बघा, साधारण अंदाज येतो.

आता प्लॅन. फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस पुरे, असं नेटफ्लिक्सच सांगतं. चार माणसांच्या घराला १०० एमबीपीएस सहसा भरपूर होतं. जाहिरातीतल्या दरावर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे ४९९चा प्लॅन ५८९ला पडतो. अपलोड स्पीड किती आणि किती जीबीनंतर वेग उतरतो, तेही विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर सूट मिळत असली तरी पहिले एक-दोन महिने मासिकच घ्या.

खरा घोळ होतो तो राउटरच्या जागेत. जोडणीला आलेला मुलगा जिथे भोक पाडणं सोपं तिथे, म्हणजे हॉलच्या खिडकीजवळ, टीव्हीमागे राउटर ठेवून निघून जातो आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही. तो यायच्या आधीच जागा ठरवा: घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर. फ्रिज, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांच्यापासून लांब. फायबर कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. आतला प्रकाश गळतो आणि कधी कधी एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवाच लागतो.

वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं: २.४ गिगाहर्ट्‌झ लांब पोचतं पण सावकाश चालतं, ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान पण भिंतीला दबतं. कोकणातल्या चिऱ्याच्या किंवा जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींपुढे एक राउटर पुरत नाही. अशा वेळी वायफायची रेंज पुढे ढकलणारा स्वस्त एक्स्टेंडर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो ऐकतो आणि बोलतो एकाच रेडिओवर, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा कॅट-६ची लॅन तार ओढून दुसऱ्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पहिल्याचंच नेट तिथे पसरवायला, लावा. तार ओढणं शक्यच नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी वायफायवर जोडलेल्या राउटरांचा संच. तारेचं टोक बसवताना वायरमनजवळ उभे राहा: आत आठ तारा असतात आणि घाईत चारच जोडल्या, तर कितीही मोठा प्लॅन असो, १००च्या पुढे काटा सरकत नाही.

लाइट जाणाऱ्या गावात राउटर चालू ठेवायला छोटा बॅटरीवाला यूपीएस हवाच. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात.

जोडणारा माणूस घरात असतानाच लॅपटॉप लॅनच्या तारेने जोडून स्पीड बघा, मग वायफायवर. तारेवर ठीक आणि वायफायवर कमी, तर दोष घरात. तारेवरच कमी, तर कंपनीचा. त्याच वेळी वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला. पुढे तक्रार करावी लागली तर तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि तिथे हा क्रमांक विचारतात.