उन्हानं खरखरीत झालेले डाग: उपचारातल्या या चुका टाळा

"मलम बाधलं बघा, म्हणून बंद केलो," म्हणत रायबागकडच्या एका मामांनी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर अर्धी ट्यूब ठेवली. कपाळ लालबुंद, दोन जागी खपली. ट्यूब पाच टक्के फ्लुरोयुरॅसिलची होती आणि दिवस दहावा. मलम बाधलं नव्हतं, लागू पडत होतं.

मामांना होतं ॲक्टिनिक केराटोसिस. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कपाळावर, टकलावर, कानाच्या पाळीवर हे डाग येतात. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात, सँडपेपरवर बोट फिरवल्यासारखे. यातल्या थोड्याच डागांचा पुढं कॅन्सर होतो, पण कुठल्या डागाचा होईल ते आधी सांगता येत नाही. आपल्या सावळ्या कातडीत हा आजार तसा कमीच. गोरी माणसं, जन्मतः रंगद्रव्य नसलेली माणसं आणि किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका जास्त. म्हणून पहिली चूक निदानाआधीच होते. प्रत्येक खरखरीत डाग हा नव्हे. चामखीळ समजून बिब्बा किंवा चुना लावला की कातडी भाजते, आणि मग डॉक्टरलाही मूळ डाग ओळखू येत नाही. दुकानातून चिठ्ठीशिवाय नेलेलं स्टिरॉइडचं मलम तर लाली झाकतं, डाग तसाच राहतो. डागाच्या बुडाशी गाठ लागत असेल, दुखत असेल, रक्त येत असेल किंवा झपाट्यानं वाढत असेल, तर मलम राहू दे, आधी तुकडा तपासायला द्या.

आता मलमाचं. फ्लुरोयुरॅसिल साधारण दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. मग लाली, आग, खपली, आणि जिथं डाग दिसतही नव्हता तिथंही ठिपके उमटतात, कारण मलम लपलेल्या बिघडलेल्या पेशीही शोधतं. घाबरून लोक इथंच थांबतात. मलम बंद केल्यावर कातडी भरायला आणखी दोन-चार आठवडे लागतात. म्हणजे तोंड दाखवायला अवघड असे दीड-दोन महिने धरून चाला. मामांनी सुरुवात केली ती चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेच्या तोंडावर. सोललेल्या कपाळावर भंडारा लागला आणि ते रात्रभर तळमळले! जत्रा, घरचं लग्न, ऊसतोड आटोपू दे, मग सुरू करा. अर्थात फार आग झाली, पू आला किंवा डोळ्याजवळ सूज आली, तर स्वतः ठरवू नका, डॉक्टरला दाखवा.

ट्यूब घेताना आकडा वाचा. हे मलम एक टक्का आणि पाच टक्के अशा दोन ताकदींत येतं. डायक्लोफेनॅकचंही तसंच: या डागांसाठीची जेल तीन टक्क्यांची, दोन-तीन महिने लावायची. गुडघ्याला चोळतात ती वेगळी. "घरात आहे की" म्हणून ती कपाळाला लावणारे मी पाहिलेत.

उपचारांची तुलना करतानाही गफलत होते. नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर चार उपचार ताडून पाहिले, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वर्षभरानंतर फ्लुरोयुरॅसिलचा गुण सुमारे ७५ टक्के रुग्णांत टिकला, इमिक्विमॉड या दुसऱ्या मलमाचा ५४, औषध लावून प्रकाश देण्याच्या उपचाराचा ३८ आणि इंजेनॉल या जेलचा २९ टक्के. इंजेनॉल तर २०२० मध्ये युरोपात बाजारातून गेलं, त्यामुळं जुन्या याद्या वाचून ते शोधत बसू नका. शिवाय गोठवण्याचा उपचार या तुलनेत नव्हताच, म्हणून त्याला या आकड्यांवरून वाईट ठरवू नका. एक-दोनच डाग असले तर द्रव नायट्रोजननं काही सेकंदांत गोठवून मोकळं होता येतं. पण सावळ्या कातडीवर तिथं पांढरा ठिपका राहू शकतो, कधी कायमचा. आमच्या भागात चेहऱ्यावर पांढरं दिसलं की लोक लगेच कोड म्हणतात, सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. हे डॉक्टरला आधीच मोकळेपणानं विचारा.

टोपीबद्दलही एक. गांधी टोपी टकलाला झाकते, कान आणि मान उघडीच. रानात जाताना पटका किंवा रुंद काठाची टोपी घाला.

फ्लुरोयुरॅसिलचं मलम लावल्यावर हात साबणानं धुवा. गरोदर बाईनं ट्यूबला हातही लावू नये. घरात कुत्रं-मांजर असेल तर पुसलेला कापूस उघडा टाकू नका. हे मलम चाटल्यानं ती दगावू शकतात. उरलेली ट्यूब शेजारणीला देऊ नका. तिच्या गालावरचं ते वांग असेल, आणि वांगावर हे मलम म्हणजे नसती आग.