कांद्याच्या पापुद्र्यातून पेशी शिकवताना: सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी

पेशीचा पाठ सुरू करताना पुस्तकातली आकृती आधी दाखवू नका. ती एकदा मनात बसली की मुलं सूक्ष्मदर्शीतून बघतात खरी, पण वहीत आकृतीच उतरवतात. आधी काचपट्टी, मग प्रत्येकाने स्वतः काढलेलं चित्र, नावं सगळ्यात शेवटी.

पेशी रंगवण्यासाठी लागणारं आयोडीनचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. नुसतं आयोडीन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळलं की पाणी घालून ३०० मिलिलिटर करा. गडद रंगाच्या बाटलीत ठेवा. कपड्यांवर डाग पडतात, हे मुलांना आधीच सांगा.

कांदा शिक्षकांनीच चिरावा. उभे चार भाग करून एक जाड, रसदार पाकळी सुटी करा. हवा तो पापुद्रा तिच्या आतल्या, खोलगट बाजूला असतो. पाकळी बाहेरच्या बाजूकडे वाकवून मोडली की तुटलेल्या कडेला पारदर्शक पडदा लोंबतो. तो चिमट्याने हळू ओढा आणि लगेच पाण्यात टाका. हवेत राहिला तर सुकतो, गुंडाळला जातो आणि पुन्हा सरळ होत नाही. ५ मिलिमीटरचा चौकोन पुरे. मोठा तुकडा हमखास दुमडतो, मग दोन थरांतल्या रेषा एकमेकींना छेदतात आणि मुलांना पेशींऐवजी जाळी दिसते.

काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर आयोडीनचा एक थेंब. एक-दोन मिनिटं थांबा. आच्छादक काच तिरकी धरून तिची एक कड थेंबाला टेकवा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडा. सरळ वरून ठेवली की हवा अडकते. जादा पाणी टीपकागदाने कडेने टिपून घ्या.

हवेचे बुडबुडे ही या तासातली सगळ्यात मोठी अडचण. जाड काळी कड असलेला तो सुबक गोल मुलांना फार आवडतो आणि वहीत ‘पेशी’ म्हणून तोच येतो. त्यावर रागावू नका. एका काचपट्टीवर मुद्दाम बुडबुडा ठेवा आणि तीच सर्वांना आधी दाखवा. पेशी विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटलेल्या असतात. बुडबुडा एकटा आणि गोल असतो. एवढं एकदा पाहिलं की चूक बहुतेक थांबते.

सुरुवात नेहमी ४एक्स (चार पट मोठं दाखवणाऱ्या) वस्तुभिंगाने, म्हणजे काचपट्टीजवळच्या भिंगाने करा, मग १०एक्स. नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, १०एक्सची असेल तर अनुक्रमे ४० आणि १०० पट मोठं दिसतं, आणि पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) व केंद्रक (पेशीतला गडद ठिपका) बघायला एवढं पुरतं. ४०एक्स वस्तुभिंग लावलंच, तर फोकस जुळवायच्या मोठ्या स्क्रूला कोणीही हात लावू नये. भिंग काचेवर आदळतं. काहीच नीट दिसत नसेल, तर प्रकाश वाढवण्याऐवजी कमी करून बघा. झगझगीत उजेडात फिकट कडा पुसल्यासारख्या होतात.

मुलं विचारतात, ‘काही पेशींत केंद्रक मधे, काहींत कडेला का?’ हा प्रश्न आला की तास जमला असं समजा. मोठी रिक्तिका (पेशीतली रसाने भरलेली पिशवी) केंद्रकाला भिंतीकडे ढकलते. ती भिंत बाजूची असेल तर केंद्रक कडेला दिसतं, वरची किंवा खालची असेल तर मधे. काही पेशींत ते दिसतच नाही, तिथे लहान स्क्रू किंचित फिरवायला सांगा. पेशी सपाट नसून तिला खोली आहे, हे मुलांना त्या वेळी समजतं.

मापन सोडू नका. ४एक्सखाली पारदर्शक पट्टी ठेवून दृश्यक्षेत्राचा व्यास मोजा. तो साधारण ४ ते ५ मिलिमीटर भरतो. मग त्या व्यासावर लांबीच्या दिशेने किती पेशी बसतात ते मोजून भागाकार करा. ४.५ मिलिमीटरमध्ये १५ पेशी, म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर.

प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) मात्र या काचपट्टीवर वेगळं दिसत नाही, ते भित्तिकेला चिकटलेलं असतं. ते दाखवायला जांभळ्या कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा, रंगीत पापुद्रा घ्या आणि आयोडीन अजिबात वापरू नका. आयोडीनने पेशी मरतात आणि मेलेल्या पेशीत रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने पेशीतला भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसणं) होत नाही. हा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. आच्छादक काचेच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेने टीपकागदाने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसतो. मग त्याच रीतीने साधं पाणी सोडा. फार उशीर झाला नसेल तर तो पुन्हा फुगतो.

‘यात हिरवं काहीच कसं नाही?’ असं कोणी विचारलं, तर पाकळ्या जमिनीत, अंधारात वाढतात, एवढंच सांगा आणि पुढच्या तासाला हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान आणा. ते जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं असतं. सोलावं लागत नाही, रंगवावंही लागत नाही. पाण्याच्या थेंबात ठेवून थोडा वेळ उजेडात राहू दिलं, तर हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) पेशीच्या कडेने सरकताना दिसू शकतात.