मॅचच्या नादात कुत्र्यांचे हाल होतात! शेतावर राहणाऱ्या क्रिकेटवेड्यांनो, या चुका टाळा

आमचं घर नागपूरच्या वर्धा रोडला, बुटीबोरीच्या बाजूला, शेतातच. जामठ्याला रात्रीची मॅच असली की स्टेडियमचा उजेड आमच्या गच्चीवरून दिसतो. घरात दोन गावठी कुत्रे आहेत, काळू आणि भुरी. आणि मी विदर्भाची रणजी असो की आयपीएल, एक मॅच सोडत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत आणि दोन वेळा तर कुत्रं जाता जाता वाचलं, म्हणून हे लिहून राहिलो. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांसाठी सल्ले खूप मिळतात, पण शेतावर साप, फवारणी, ऊन हे सगळं वेगळं असतं आणि त्यात मॅचचं टाइमटेबल घुसलं की गडबड होते.

नाव ठेवतानाच होणारी चूक

काळूचं आधीचं नाव सिक्सर होतं. पिल्लू होतं तेव्हा फार आवडलं होतं ते नाव. पण आयपीएलचे दोन महिने घरात टीव्हीसमोर दिवसाला पंचवीस वेळा सिक्सर सिक्सर ओरडणं चालायचं, आधी प्रत्येक वेळी तो धावत यायचा, कोणी त्याच्याकडे बघायचं नाही, मग हळूहळू त्यानं त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडलं. कुत्र्याला नावाचा अर्थ कळत नाही, ते ऐकल्यावर काही होतं की नाही एवढंच त्याला कळतं, आणि शंभर वेळा काहीच झालं नाही तर त्याच्यासाठी तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो.

२०२१ च्या जुलैमध्ये मोटरच्या खोलीजवळ घोणस निघाली. घोणस फुत्कारते ना, तो आवाज कुकरच्या शिटीसारखा असतो, लांबूनच ऐकू येतो. सिक्सर तिच्यावर भुंकत पुढे पुढे चाललेला आणि मी जिवाच्या आकांतानं हाक मारून राहिलो, त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्या सालदारानं मागून पट्टा धरून ओढला म्हणून वाचला. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून सांगतो, कुत्र्याला टीव्हीवर ऐकू येणारं नाव ठेवू नका. चौका, कॅच, आउट नको, लाडक्या प्लेअरचं नाव तर नकोच, कारण त्या नावानं आपण रागानंही ओरडतो. आधीच ठेवलं असेल तर बदलता येतं, कुत्रं मोठं असलं तरी. मी काळू हे नाव घेतलं, हळू आवाजात हाक मारायची आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्यायचा, दिवसातून पंधरा-वीस वेळा, आणि रागवायचं असेल तेव्हा नाव घ्यायचंच नाही. तीन आठवड्यांत पोरगं वळायला लागलं. "ये" हा शब्द वेगळा शिकवा, आणि तो फक्त खरंच बोलवायचं असेल तेव्हाच वापरा.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे टीव्हीसमोरचा आरडाओरडा. विकेट पडली की आपण किंचाळतो, उशी फेकतो, आणि कुत्र्याला वाटतं आपल्यावरच चिडले. भुरी तर पलंगाखाली जाऊन थरथरायची. तिला मॅचच्या वेळी मागच्या खोलीत तिचं पोतं टाकून दिलं, दार उघडंच ठेवलं, आता तीच आपली तिकडे जाऊन झोपते.

साडेसातची मॅच आणि पाचचं ऊन

ही सगळ्यात मोठी चूक आणि नागपूरकडे हमखास होणारी. आयपीएल मार्चअखेर ते मे, म्हणजे आपला पूर्ण उन्हाळा. मॅच साडेसातला सुरू होते, त्याआधी सगळं उरकायचं म्हणून आपण कुत्र्याला पाच वाजताच फिरवून आणतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ वर असतो आणि संध्याकाळी पाचला डांबर, सिमेंट, मुरूम सगळं तापलेलंच असतं. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या नसते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला ठेवता आली नाही तर त्याला चालवू नका. माझ्या काळूच्या पंजाची कातडी सोलली होती, चार दिवस तीन पायांवर चालत होता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजातून येतो बस, बाकी सगळी गरमी धापा टाकूनच बाहेर काढायची. त्याचं नॉर्मल टेम्परेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की धोका सुरू, १०६ च्या पुढे आतले अवयव निकामी व्हायला लागतात. लक्षणं अशी की धाप थांबतच नाही, लाळ घट्ट चिकट होते, हिरड्या लालभडक, मग उलटी, मग चालताना झोकांड्या. आमच्याकडे एकदा आईनंच ओळखलं, "काहून हे कुत्रं असं हापसून राहिलं बाप्पा, याच्याकडं पाय तं एकदा," आणि मी तेव्हा सुपर ओव्हर बघत बसलेलो. अजूनही ते आठवलं की पोटात कालवतं.

अशा वेळी सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, खास करून पोट, जांघ, मान, आणि कूलरसमोर झोपवा. पाणी ओतायच्या आधी हात घालून बघा, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये चहाइतकं गरम असतं, ते ओतलं तर उलटाच कार्यक्रम. विहिरीचं किंवा बोअरचं घ्या. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नका, ते थोड्या वेळात गरम होतं आणि आतली गरमी आतच राहते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, छातीत जातं. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्याच, कारण किडनीचा त्रास दुसऱ्या दिवशी दिसू शकतो.

फिरवायची वेळ सोपी आहे, पहाटे साडेपाच आणि रात्री मॅच संपल्यावर. रात्री बॅटरी आणि पायात बूट, पावसाळ्यात तर नक्कीच. साडेसातच्या आधी फिरवायलाच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे?

बॉल

आमच्याकडे रविवारी पोट्टे शेताच्या पडीक तुकड्यावर टेनिस बॉलनं खेळतात आणि काळू फील्डिंगला. दिसायला फार गोड दिसतं, पण काही गोष्टी बघाव्या लागतात. बॉलच्या मागं धावणारं कुत्रं थकलो म्हणून थांबत नाही, पडेपर्यंत धावतं, थांबवायचं काम आपलं. दहा-पंधरा मिनिटं झाली की सावलीत बांधा, पाणी द्या. टेनिस बॉलची लव दातांवर घासून दात झिजतात, आणि फाटलेल्या बॉलचं रबर गिळलं की आतड्यात अडकतं, म्हणून खेळ संपला की बॉल उचलून ठेवायचा.

लेदरचा बॉल तर चघळायला देऊच नका. आत कॉर्क असतो आणि त्यावर गुंडाळलेला दोरा, तो दोरा आतड्यात गेला की आतडं चुण्या पडून चिरतं. उलट्या, खाणं बंद, शी होत नाही, असं असेल तर थांबू नका. आणि मागच्या बाजूनं दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका बरं, आतून कापलं जातं.

बॉल गवतात गेला की कुत्रं पण जातं. दिवाळीनंतर कुसळी वाळते, तिची कुसळं बोटांच्या मधे, कानात शिरतात आणि आत आत सरकत जातात. सराटे तर आहेतच. एकाच कानाकडे मान झटकत असेल तर कुसळ समजा, स्वतः चिमट्यानं कानात खोदू नका.

अजून एक. बॉल कुत्रा जेवत असेल तिकडे गेला तर लहान पोराला आणायला पाठवू नका. ओळखीचं कुत्रंही ताटावर चावतं. चावलंच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मिरची-हळद-चुना काही लावायचं नाही, आणि सरळ दवाखान्यात लसीसाठी. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजचं इंजेक्शन आणि नंतर दरवर्षी, यात टाळाटाळ नको.

मॅच बघताना ताटातलं देणं

सांबारवडी, कांदाभजी, चिवडा, रविवारी सावजी मटण. मॅच रंगात आली की हात आपोआप कुत्र्याकडे जातो. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. एका भजीनं काही दिसत नाही, पण रोज थोडं थोडं गेलं तरी परिणाम होतो आणि आयपीएल दोन महिने चालते. सावजीचा रस्सा म्हणजे कांदा, लसूण, तेल, तिखट सगळं एकत्र. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, घशात नाहीतर आतड्यात रुततं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि दारू तर थेंबभरही नाही. आम्ही आता मॅचच्या आधीच त्यांना जेवू घालतो, बिनमसाल्याचा चिकन-भात किंवा दही-भात, पोट भरलेलं असलं की ते ताटाकडे येतच नाहीत.

ब्रेकमध्ये करायचं काम

इनिंग ब्रेकमध्ये मोबाइल बघण्यापेक्षा गोचीड बघा. कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायची. रॉकेल नको, चटका नको. आणि हात जोडून सांगतो, कपाशीवर किंवा संत्र्यावर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर लावू नका. आमच्या भागात सर्रास करतात, "थोडं पाण्यात टाकून पुसलं की मरतात" म्हणून. गोचीड मरते आणि कुत्रं पण. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होणं, हे विषबाधेचं आहे. फवारणी झाली की त्या शेतात कुत्र्याला दोन दिवस सोडूही नका, आणि पंप धुतलेलं पाणी त्याच्या पिण्याच्या टाक्याजवळ सांडू नका.

गोचिडीच्या तापात कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानं लिव्हर, किडनी, पोट जातं. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तालुक्याला सरकारी दवाखाना असतो. त्यांच्या वेळा आणि रात्री येणाऱ्या एखाद्या डॉक्टरचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आपण जिंकलो की फटाके

२९ जून २०२४, बार्बाडोस, वर्ल्ड कप फायनल. सूर्यकुमारनं तो कॅच घेतला आणि आम्ही रडत होतो, बाहेर गावात एकदम सुतळी बॉम्ब सुरू झाले आणि काळू कुंपणाखालून निघून गेला. आम्हाला अर्ध्या तासानं कळलं. दोन रात्री तो आला नाही, पाऊस, अंधार, हायवेचे ट्रक, मी बाइकवर हाका मारत फिरलो. तिसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी बसलेला होता, पायाला जखम, अंगभर चिखल.

तेव्हापासून फायनल असली की शेवटच्या तीन ओव्हरच्या आधीच दोघांना आत घेतो. शेवटचा बॉल पडल्यावर उशीर झालेला असतो. खिडक्या बंद, कूलर चालू म्हणजे आवाज दबतो, पाणी आणि माझं जुनं टी-शर्ट. साखळीनं बांधू नका, घाबरलेलं कुत्रं भिंतीवरून उडी मारतं आणि फास बसतो. जवळ घेतलं तर भीती वाढते असं काही लोक सांगतात, तसं काही होत नाही, बिनधास्त जवळ बसा. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला पाहिजे. आणि गेलंच तर मागे धावू नका, फाटकाजवळ आपला वापरलेला कपडा आणि खाणं ठेवा, पहाटे शांत असताना शोधा.

स्टेडियमला जाताना

फेब्रुवारी-मार्च २०२५ ला जामठ्याला केरळविरुद्धची रणजी फायनल झाली, पाच दिवस मी रोज तिथे. दानिश मालेवारचे १५३, करुण नायरची सेंच्युरी, पहिल्या डावाच्या लीडवर विदर्भाचा तिसरा रणजी कप, सगळं डोळ्यानं पाहिलं. पण पहिल्या दिवशी घरी आलो तर पाण्याचं भांडं उपडं आणि दोघंही सकाळपासून बांधलेले, भुरीनं साखळी ओढून ओढून मान सोलून घेतलेली. दुसऱ्या दिवसापासून सालदाराला दुपारी बारा आणि तीनला चक्कर मारायला सांगितलं, त्याचे वेगळे पैसे दिले, पाणी दोन ठिकाणी सिमेंटच्या जड टाक्यात भरलं आणि साखळी काढून दोघांना जाळीच्या खोलीत मोकळं ठेवलं.

थंडीतल्या पहाटेच्या टेस्ट

मेलबर्नची टेस्ट आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. डिसेंबरची थंडी, म्हणून आपण गोधडीत बसून मॅच बघतो आणि कुत्रं ओसरीच्या गार फरशीवर. खाली दोन पोती टाका, एकावर एक. रोजची साडेपाचची चक्कर या दिवसात लंचवर ढकला, कारण सातला लंच होतो आणि तो चाळीस मिनिटांचा असतो. तेवढ्यात नाल्यापर्यंत जाऊन येणं आरामात होतं. काळूला आता ते इतकं पाठ झालंय की प्लेअर पॅव्हेलियनकडे चालायला लागले की हा उठून दाराशी उभा राहतो.