सड्यावरचा निशिगंध

आमचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. वीतभर माती, खाली कातळ. आषाढात पाणी मुरतच नाही, त्यामुळे निशिगंधाचे कंद कुजायचे. पानं पिवळी पडायची, ओढलं की हातात नुसता लगदा. दुकानदार बुरशीनाशक पुढे करायचा. पण साचलेलं पाणी हटल्याशिवाय औषध काय करणार?

बांधकामातले उरलेले जांभ्याचे चिरे लावून दीड फूट उंच वाफा केला. तळाला चिऱ्यांचे तुकडे, वर लाल माती, कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू. पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची वाळू फुकट असते, पण खारट, ती नको. कंद मे महिन्याच्या सुरुवातीला लावले, म्हणजे पावसाआधी मुळं धरतात. कंद सुपारीएवढा तरी हवा. बारक्याला त्या वर्षी बहुधा नुसती पानंच. दोन इंच खोल, वीतभर अंतरावर. पावसाळ्यात वरून पाणी अजिबात नाही.

आता गणपतीच्या सुमारास फुलांचे दांडे सुरू होतात, दिवाळीपर्यंत चालतात. एकेरी पाकळ्यांच्या फुलाला वास जास्त, म्हणून मी तेच लावतो, दुहेरी फुलदाणीवाल्यांसाठी. तीन वर्षांनी वाफ्यात कंदांची गर्दी होते, तेव्हा फुलं संपल्यावर पाणी तोडून कंद उकरायचे आणि सावलीत सुकवायचे.